हिश्श्याचा हिशेब आणि संगणकाचे बीजगणित

एक कल्पित उदाहरण घेऊ. एक हेक्टर शेतजमीन तीन भावंडांत समान वाटावयाची आहे. थोरला भाऊ निवर्तला असून त्याला चार वारस आहेत. मधली बहीणही हयात नाही. तिला सात वारस आहेत. धाकटा भाऊ हयात आहे. शाळेतील सहावी-सातवीचा विद्यार्थीही सांगेल की, थोरल्याच्या प्रत्येक वारसाचा हिस्सा १/१२, बहिणीच्या प्रत्येक वारसाचा १/२१ आणि धाकट्याचा १/३.

आता हेच हिस्से कार्यालयातील संगणकावर दोन दशांश स्थळांपर्यंत लिहावयाचे ठरले, तर १/१२ चे ०.०८ होतात, १/२१ चे ०.०५ होतात आणि १/३ चे ०.३३ होतात. बेरीज करून पाहू. चार वारसांचे ०.३२, सात वारसांचे ०.३५, धाकट्याचे ०.३३, एकूण १.००. बेरीज बिनचूक जुळली. तपासणारा अधिकारी समाधानाने सही करील.

वस्तुतः हिशेब चुकलेला आहे. तिन्ही शाखांना प्रत्येकी ३,३३३.३३ चौरस मीटर जमीन मिळावयास हवी होती. प्रत्यक्षात थोरल्याच्या शाखेला ३,२००, बहिणीच्या शाखेला ३,५०० आणि धाकट्याला ३,३०० चौरस मीटर मिळाली. म्हणजे एका शाखेची १३३ चौरस मीटरहून अधिक जमीन कमी झाली, दुसऱ्या शाखेत जवळजवळ १६७ चौरस मीटर वाढली आणि धाकट्याचेही ३३ चौरस मीटर गेले. कोणी लबाडी केली नाही, यंत्र बिघडले नाही आणि बेरीजही जुळली. बेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, हा आपला नेहमीचा विश्वास येथे फसवा ठरला.

अशी चूक कशी होते आणि ती टाळण्याची कोणती साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत, हे समजून घेणे कचेरीतील, शाळेतील आणि ग्रामपंचायतीतील प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे. या साधनांचे शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचविण्याचे मोठे कार्य आपल्याच राज्यात, मुंबईच्या उपनगरातील पवई येथे चालते.

दशांशाची मर्यादा

जुन्या काळी सामाईक मिळकतीतील हिस्से आणे-पैंत सांगत. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्यामुळे एक तृतीयांश हिस्सा ‘पाच आणे चार पै’ असा नेमका लिहिता येई. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि बहुतेक व्यवहार सुलभ झाले. परंतु तिसरा हिस्सा मात्र दशांशात कधीच पुरा लिहिता येत नाही. ०.३३३३… ही शेपटी कोठेतरी तोडावीच लागते. अर्थात आणे-पैंची पद्धतही सर्वसमर्थ नव्हती. एकविसावा हिस्सा तिच्यातही बसत नसे.

संगणकाची अडचण याहून एक पायरी पुढची आहे. तो दहाच्या नव्हे, तर दोनच्या पटीत मोजतो. जसा १/३ दशमान पद्धतीत संपत नाही, तसा १/१० द्विमान पद्धतीत संपत नाही. म्हणूनच अनेक संगणकीय भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करावयास सांगितली, तर उत्तर नेमके ०.३ येत नाही. दशांश चिन्हानंतर सतराव्या स्थळी एक आगंतुक ४ उभा राहतो. एवढ्या सूक्ष्म फरकाने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. परंतु २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची ‘पेट्रियट’ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा येणारे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक प्राणास मुकले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे आणि १/१० ही संख्या २४ द्विमान अंकांत छाटलेली होती. यंत्रणा सुमारे १०० तास अखंड चालू राहिल्यामुळे ती सूक्ष्म तूट साचत जाऊन सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली होती.

लहान चूक पुन्हा पुन्हा होत राहिली की मोठी होते. महसुली दप्तरात तर पिढ्यान्‌पिढ्या हिश्श्यांचे हिस्से होत असतात.

संख्येला स्वतःची ओळख नसते

दुसरी चूक निराळ्या स्वरूपाची आहे. ‘४०’ ही नुसती संख्या पाहून ती रुपये आहे, गुंठे आहे की विद्यार्थी आहेत, हे कळत नाही. माणूस संदर्भाने ओळखतो; संगणक ओळखत नाही. ०.८० हेक्टर आणि ३० गुंठे यांची बेरीज करावयास सांगितली, तर साधा तक्ता निमूटपणे ३०.८० असे उत्तर देईल.

आपल्याकडे गुंठा आणि आर ही दोन मापे व्यवहारात एकच मानण्याची सवय आहे. वस्तुतः आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर. फरक सव्वा टक्क्याच्याही आतला आहे. परंतु एका एकरात ४० गुंठे असतात. हे ४० गुंठे जर ४० आर म्हणून नोंदले, तर एकरामागे ४६.८६ चौरस मीटर, म्हणजेच पाचशे चौरस फुटांहून अधिक जमीन कागदावरून नाहीशी होते. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातील घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या ‘किरकोळ’ फरकाचे मोल कळेल.

मापांच्या या गफलतीतून मोठमोठ्या संस्थाही सुटलेल्या नाहीत. मंगळाच्या अभ्यासासाठी अमेरिकेने पाठविलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये नष्ट झाले. पृथ्वीवरील एक आज्ञावली यानाला मिळालेल्या रेट्याचे आकडे पौंडांच्या मापात देत होती आणि दुसरी आज्ञावली ते न्यूटनच्या मापातील समजून वापरीत होती. आकडे होते, पण आकड्यांसोबत त्यांची ओळख नव्हती.

स्वनिर्मित प्रकार

या दुसऱ्या चुकीवरील उपाय म्हणजे संगणकाला वस्तूंचे प्रकार शिकविणे. प्रत्येक संगणकीय भाषेत काही प्रकार मुळातच असतात. पूर्णांक, दशांश संख्या, अक्षरांची ओळ इत्यादी. परंतु पायथॉनसारख्या भाषेत आज्ञावली लिहिणाऱ्यास आपल्या कामाला लागणारे नवे प्रकारही घडविता येतात. पायथॉन ही भाषा नेदरलँडमधील गिडो व्हान रॉसम यांनी निर्माण केली आणि १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. ती मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिचा वापर विनामूल्य करता येतोच, शिवाय ती आतून कशी रचली आहे, हे कोणासही वाचता, तपासता आणि सुधारता येते.

नवा प्रकार घडविताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. त्यात काय साठवावयाचे, त्यावर कोणत्या क्रिया चालतील आणि तो वाचकाला कसा दाखवावयाचा. ‘क्षेत्र’ नावाचा एक प्रकार आपण घडवितो आहोत, असे समजा. माहिती भरणाऱ्याने हेक्टर-आर लिहो की एकर-गुंठे, आत मात्र ती चौरस मीटरमध्येच साठविली जाईल, असे ठरवू. क्षेत्रात क्षेत्र मिळविता येईल. क्षेत्राला साध्या संख्येने गुणता वा भागता येईल. क्षेत्राला दर आराच्या भावाने गुणले, तर उत्तर रुपयांत येईल. क्षेत्राला क्षेत्राने भागले, तर नुसते गुणोत्तर येईल. परंतु क्षेत्रात रुपये मिळविण्याचा प्रयत्न कोणी केला, तर संगणक उत्तर देण्याचे नाकारील आणि चूक कोठे झाली ते सांगेल.

या भाषेत बेरजेच्या चिन्हाचा अर्थही त्या त्या प्रकारासाठी ठरविता येतो. त्यामुळे वापरणाऱ्यास नेहमीप्रमाणे अधिकचे चिन्ह लिहावयाचे असते, ०.८० हेक्टर व ३० गुंठे यांची योग्य बेरीज कशी करावयाची, हे प्रकारानेच जाणावयाचे असते. शाळेत ‘५ मीटर अधिक ३ किलो’ असे लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर शिक्षक लाल रेघ ओढतात. प्रकार घडविणे म्हणजे ती लाल रेघ यंत्राच्या हाती देणे होय.

चिन्ह जसेच्या तसे ठेवणारे गणित

पहिल्या चुकीवरील, म्हणजे दशांशाच्या छाटणीवरील उपाय म्हणजे प्रतीकात्मक गणित. यात संगणक १/३ चे ०.३३ करीत नाही. अंश १ आणि छेद ३ असे दोन पूर्णांक लक्षात ठेवतो. दोनाचे वर्गमूळ १.४१४… असे न लिहिता ‘दोनाचे वर्गमूळ’ म्हणूनच ठेवतो. दशांश पद्धतीने त्या वर्गमूळाचा पुन्हा वर्ग केला, तर संगणक २ हून किंचित अधिक उत्तर देतो. प्रतीकात्मक पद्धतीने नेमके २ मिळतात. आपल्या उदाहरणातील १/१२ चार वेळा, १/२१ सात वेळा आणि १/३ एकदा मिळविले, तर बेरीज १ येते आणि प्रत्येक शाखेचा वाटा १/३ च राहतो.

पायथॉनमध्ये अशा गणितासाठी ‘सिमपाय’ नावाचा मुक्तस्रोत संग्रह आहे. तो ओंद्रेय चेर्टिक या चेक तरुणाने सुरू केला आणि पुढे अनेक देशांतील स्वयंसेवकांनी वाढविला. २०१७ मध्ये या संग्रहावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या २७ लेखकांत भारतातील अनेक विद्यार्थी असून, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील एका विद्यार्थ्याचाही त्यांत समावेश आहे.

सिमपायची अंतर्रचना पाहिली म्हणजे वर सांगितलेले दोन्ही उपाय एकच असल्याचे ध्यानात येते. येथे ‘चिन्ह’ हा एक प्रकार आहे, ‘अपूर्णांक’ हा एक प्रकार आहे, ‘बेरीज’, ‘गुणाकार’ आणि ‘घात’ हेही प्रकारच आहेत. (क + २)² ही राशी संगणक वंशावळीसारखी मांडतो. सर्वांत वर ‘घात’. त्याच्या खाली एका बाजूस ‘बेरीज’ व दुसऱ्या बाजूस २. आणि त्या बेरजेच्या खाली क व २. विस्तार करा, अवयव पाडा, समीकरण सोडवा, अशी आज्ञा दिली की या वंशावळीची नियमानुसार फेरमांडणी होते.

अव्यक्त आणि रूप

ही कल्पना आपल्या भूमीला अगदीच नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाचे ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे भाग आहेत. ‘लीलावती’चा आरंभच मापांच्या कोष्टकांनी होतो, वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, अशा रीतीने. ‘बीजगणिता’त अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे देऊन त्यांची आद्याक्षरे या, का, नी, पी अशी लिहिली जातात आणि ज्ञात संख्येला ‘रूप’ म्हणून तिच्या आधी रू लिहिला जातो. त्यातील नियम असा की, समान जातीच्या राशींचीच बेरीज वा वजाबाकी करावी; भिन्न जातीच्या राशी शेजारी शेजारी स्वतंत्र ठेवाव्यात. आजचा संगणकही ५ क + ८ ही राशी तशीच ठेवतो; तिचे १३ करीत नाही.

या ग्रंथांच्या अध्ययनासाठी भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी यादवराजा सिंघण याच्या काळात मठ स्थापिल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. विद्या ग्रंथात असून भागत नाही, ती शिकविण्याची व्यवस्था करावी लागते, हा त्या शिलालेखाचा बोध आहे.

पवई येथील कार्य

पवई तलावाच्या काठी वसलेली मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ मध्ये सुरू झाली. तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाने माहिती व संपर्क तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे जे राष्ट्रीय अभियान २००९ मध्ये हाती घेतले, त्याच्या साहाय्याने या संस्थेत ‘फॉसी’ हा प्रकल्प उभा राहिला. महागड्या परवान्यांच्या आज्ञावलींऐवजी पायथॉन, सायलॅब यांसारखी मुक्तस्रोत साधने शिक्षणात रुजविणे, हे त्याचे उद्दिष्ट. अभियांत्रिकीच्या प्रचलित पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून या साधनांत पुन्हा सोडवून घेऊन ती सर्वांना खुली करणे, हा या प्रकल्पाचा एक लक्षणीय उपक्रम आहे.

त्याच्याच जोडीचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा उपक्रम आपल्या वाचकांस अधिक जवळचा वाटेल. सुमारे दहा मिनिटांचा एक पाठ. पडद्यावर प्रत्यक्ष कृती आणि सोबत बोललेले स्पष्टीकरण. पाठ थोडा ऐकावा, थांबवावा, तीच कृती आपल्या संगणकावर करावी आणि पुढे जावे, अशी त्याची पद्धत आहे. शिक्षक जवळ नसतानाही शिकता यावे, अशा बेताने हे पाठ रचले जातात. त्यांचे निवेदन भारतीय भाषांत करण्यात येत असून त्यांत मराठीचा समावेश आहे. पायथॉनच्या पाठमालेत ‘सेज’ या पायथॉनवर आधारलेल्या गणिती प्रणालीच्या साहाय्याने प्रतीकात्मक गणिताची तोंडओळख करून देणारा पाठही आहे.

शिक्षकांसाठी आणि कार्यालयांसाठी

या साधनांचा शिक्षकांना होणारा उपयोग एका उदाहरणाने स्पष्ट होईल. (क + ख)² = क² + ख² असे लिहिणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. विद्यार्थी क च्या जागी ० आणि ख च्या जागी ५ घालून पाहतो. दोन्हीकडे २५ येतात आणि त्याची खात्री पटते. हिश्श्यांची बेरीज योगायोगाने जुळली, त्यातलाच हा प्रकार. प्रतीकात्मक गणितात एका बाजूतून दुसरी वजा करावयास सांगितले की २कख उरतात आणि चूक उघडी पडते. तसेच क² चे वर्गमूळ क असे हे साधन सरसकट लिहीत नाही. क धन आहे असे आधी सांगावे लागते. कारण क ऋण असेल, तर ते उत्तर चूक ठरते. वर्गात निसटणारा हा बारकावा येथे आपोआप पुढे येतो.

कार्यालयीन कामात याचा उपयोग नियम तपासण्यासाठी आहे. वारसांची संख्या न मानली आणि शाखेचा वाटा १/३ धरला, तर प्रत्येकाचा हिस्सा १/(३न). त्याला न ने गुणले की न काहीही असो, १/३ च मिळतात. म्हणजे एका गावचा तक्ता तपासण्याऐवजी सर्व गावांना लागू पडणारा नियमच एकदा तपासता येतो.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. पायथॉनमध्ये नुसते १ भागिले ३ असे लिहिले, तर सिमपायच्या हाती पडण्यापूर्वीच त्याचा दशांश होऊन जातो. अपूर्णांक हवा असल्याचे स्पष्ट सांगावे लागते. पैशांचे हिशेब शक्यतो पैशांच्या पूर्णांकांत ठेवावेत. मोजणीच्या नकाशावर चौरस मीटरचा तिसरा भाग आखता येत नाही, म्हणून शेवटी संख्या पूर्ण करावीच लागते. परंतु ती एकदाच, अगदी अखेरच्या पायरीवर करावी आणि उरलेले क्षेत्र कोणाच्या नावे गेले, ते लिहून ठेवावे. शिवाय मूळ अपूर्णांक दप्तरात कायम राखावा, म्हणजे पुढच्या पिढीची वाटणी पूर्ण केलेल्या आकड्यावरून नव्हे, तर खऱ्या हिश्श्यावरून होईल.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. प्रकार कितीही काळजीपूर्वक घडविला, तरी सात वारसांऐवजी सहाच नावे कोणी भरली, तर ते संगणकाला कळणार नाही. गैरहजर बहिणीचे नाव यादीत आहे की नाही, हे पाहणे ग्रामसभेचे, कर्मचाऱ्याचे आणि पंचांचेच काम राहील. मुक्तस्रोत साधनांचा विशेष एवढाच की, यादी बरोबर असेल, तर पुढचा हिशेब कोणत्या नियमाने झाला, हे कोणाही वारसाला मागून पाहता येते आणि जाणत्याकडून तपासून घेता येते. प्रशिक्षण वर्गांतून पायथॉनची ओळख करून देताना आरंभीचा पाठ म्हणून अशी एखादी वारसवाटणीच घ्यावी. आपापल्या गावातील ओळखीचे गणित सोडविताना ही विद्या लवकर अंगवळणी पडते आणि सोळा आणे खरा हिशेब कशाला म्हणतात, हेही त्याच ओघात कळते.